तीन ते एकतीस

ज्या वहीत मी हे लिहितोय, त्या वहीनेच माझा घात केला. पहिल्या नऊ पानांवर हजेरी आहे. पुढची पानं कोरी होती, आणि सध्या आतल्या खोलीत बसून मला दुसरं काही काम नाही, म्हणून लिहितोय. (कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही. आयुष्य गेलेलं चालतं.)

आतल्या खोलीबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण ती पुढे लागणार आहे. तिथे एक जुनं कपाट, बिघडलेलं शिवणयंत्र आणि एक खाट आहे. या खोलीचा उपयोग मी रुसण्यासाठी करतो. रुसलो की आत जातो, दार लावून घेतो आणि बोलणं बंद. बायको दाराबाहेरच्या स्टुलावर चहाचा कप ठेवते, वर बशी झाकते आणि निघून जाते. हाक मारत नाही. राग उतरला की मी आपणहून बाहेर येतो. आजवरचा उच्चांक अडीच दिवसांचा आहे. बत्तीस वर्षांच्या संसारात या पद्धतीबद्दल दोन्ही बाजूंनी कधी तक्रार आली नव्हती.

मी कारखान्यात हजेरी कारकून होतो. चौतीस वर्षं फाटकाजवळच्या खिडकीत बसून येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे खूण करायची, दुसरी घंटा झाली की लाल शाईची दौत उघडायची आणि उशिरा येणाऱ्याचा चेहरा पडलेला बघायचा, हे माझं काम. लोक मला घाबरायचे. (मागून काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, पण ते कागदावर येण्यासारखं नाही.) या कामात माझी एक खास पद्धत होती. काही माणसं असतात हक्काची. कधी खाडा नाही, कधी उशीर नाही. त्यांची रोज रोज हजेरी घेऊन शाई कशाला दवडायची? मी महिन्याच्या पहिल्या तारखेलाच त्यांच्या नावापुढे तीस खुणा करून मोकळा व्हायचो. या पद्धतीत चौतीस वर्षांत एकदाच घोटाळा झाला. आमचे बॉयलरवाले महिन्याच्या बारा तारखेला वारले आणि पुढचे अठरा दिवस कामावर हजर होते.

दोन महिन्यांपूर्वी मी निवृत्त झालो. घरी बसून दूधवाल्याची हजेरी घेऊ लागलो. चौथ्या लाल खुणेला दूधवाल्याने आमचं घर सोडलं.

तेव्हा बायको म्हणाली, "आपण सहलीला जाऊ या."

सहलीचा कागद तिने आधीच भरून ठेवला होता. नऊ दिवस, गाइडसह. तीन दिवस वाळवंट, दोन दिवस डोंगर, चार दिवस ऐतिहासिक शहरं. बायकोने सव्वीस वर्षं चौथीच्या वर्गाला भूगोल शिकवला. दरवर्षी पिवळ्या खडूने फळ्यावर वाळूच्या टेकड्या काढायच्या, त्यामागे अर्धा सूर्य काढायचा आणि घंटा झाली की पुसून टाकायचा. खरं वाळवंट तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मला बाकी काही नको," ती म्हणाली. "एकदा वाळूत बसून सूर्य बुडताना बघायचाय. अगदी शेवटपर्यंत. आणि तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही."

"कुणी म्हणजे?"

"तुम्ही," ती म्हणाली.

मी कबूल झालो. बॅग भरताना मात्र मी ही वही, दोन पेनं (एक लाल) आणि कारखान्याच्या पहारेकऱ्याने निरोप म्हणून दिलेली शिट्टी आत टाकली. बायकोने ते पाहिलं आणि काही म्हणाली नाही. ती काही म्हणाली नाही की आपलं बरोबर आहे असं मी धरून चालतो.

पहिल्याच थांब्यावर गाइडने बसमधली माणसं बोटाने मोजली. तीस भरली. पुन्हा मोजली, बत्तीस भरली. यादीत होती एकतीस. गाइड हसला आणि म्हणाला, "चला, सरासरी बरोबर आली."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उभा राहिलो. "अहो, माणसं अशी मोजतात का? प्रत्येकाला नंबर द्या. नंबर पुकारा. हजर म्हणाला तो हजर, नाही म्हणाला तो गैरहजर. त्यात सरासरी कुठून आली?"

गाइडचा घसा बसलेला होता. त्याने दोन्ही हात जोडले. "काका, तुम्हीच घ्या ना."

घेतली. वहीत नऊ दिवसांची नऊ पानं आखली. मी स्वतः नंबर एक. बायको नंबर दोन. मग पुढे नंबर एकतीसपर्यंत, जो एक दातांचा डॉक्टर होता. आणि सवयीने, अगदी हात आपोआप चालावा तसा, मी पहिल्या दोन नावांपुढे नवव्या दिवसापर्यंतच्या सगळ्या खुणा करून टाकल्या. मी कुठे जाणार? आणि ती तरी कुठे जाणार? पुकारा सुरू झाला तो नंबर तीनपासून.

नंबर चौदा या आमच्याच गल्लीत शिवणक्लास चालवणाऱ्या बाई होत्या. त्यांना हे खटकलं. "एक आणि दोन नाही पुकारलेत?"

"ती हक्काची माणसं आहेत," मी म्हणालो. "त्यांना हाक मारायची नसते. हा पहिला नियम."

त्यांनी मान डोलावली. बायको खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मलाही नंबर आहे ना?"

"आहे की. दोन."

"मग मला हाक का नाही मारत?"

"तुला कशाला हाक? तू आहेसच."

"बरं," ती म्हणाली.

वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचलो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. उंटांना नकार देऊन बायको चपला हातात घेऊन पायीच निघाली. एक टेकडी झाली, दुसरी झाली, तिसरीच्या माथ्यावर जाऊन ती बसली. सूर्य क्षितिजापासून वीतभर वर होता. मी खाली बसजवळ उभा होतो आणि खरंच सांगतो, मी एक अक्षर बोलत नव्हतो. मी फक्त हजेरी घेत होतो.

"नंबर एकोणीस!"

उत्तर नाही.

"नंबर एकोणीस!"

वाळवंटात माणूस हरवला तर काय होतं हे मला माहीत नव्हतं, पण चांगलं होत नसणार. मी शिट्टी फुंकली. एकदा, दोनदा, मग थांबलोच नाही. उंट बिथरले. फोटो काढणारी माणसं फोटो टाकून धावत आली. बायकोही धावत खाली आली, वाटेत एकदा पडली. सगळ्यांनी मिळून एकोणीस नंबरला हाका मारल्या, दोघं पाणवठ्याकडे पळाले, गाइड रडकुंडीला आला. शेवटी एकोणीस नंबर बसच्या दारात उभा राहिला आणि डोळे चोळत म्हणाला, "काय झालं? कुणी हरवलं का?" तो मागच्या सीटवर झोपला होता.

वळून पाहिलं तर सूर्य गेला होता.

बायको माझ्याशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. बसमध्ये बसल्यावर तिने चपलेतली वाळू झटकली, ती नेमकी माझ्या बुटात गेली. दुसऱ्या दिवशी ती मागे नंबर चौदांच्या शेजारी जाऊन बसली. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो, कारण हजेरी घ्यायला ती जागा सोयीची होती. (हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं. अजूनही तेच देतो.)

पाचव्या दिवशी डोंगरात होतो. तिथला घाट एवढा अरुंद की गाड्या एका वेळी एकाच बाजूने सोडतात. दुपारी बारापर्यंत वाळवंटाकडून शहरांकडे, बारानंतर शहरांकडून वाळवंटाकडे. अगदी माथ्यावर एक चहाची टपरी आहे. तिथे अकराच्या सुमाराला आम्ही थांबलो. मी बाकावर बसून उद्याच्या पानावर शेऱ्यांचा रकाना आखत होतो. बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"मी त्या वरच्या वळणापर्यंत जाऊन येते."

"हं," मी म्हणालो.

(मी मान वर केली नाही. पट्टी हलली असती.)

दहा मिनिटांनी शिट्टी वाजवली. तीन ते एकतीस, सगळे हजर. मी वही मिटली आणि मोठ्या अभिमानाने म्हणालो, "पूर्ण!" बस सुटली.

खाली उतरता उतरता वारा सुटला. माझे कान दुखायला लागले.

"अगं, मफलर दे," मी मागे न बघता म्हणालो.

मफलर आला नाही. मी ओळखलं, वाळवंटाचा राग अजून आहे. मीही ताठलो. अर्ध्या तासाने पुन्हा मागितला. मग आणखी एकदा, जरा जोरात. असं करत करत दीड वाजला आणि माझ्या गोळीची वेळ झाली. गोळीपुढे कुणाचा ताठा चालत नाही. मी उठून मागे गेलो. नंबर चौदांच्या शेजारची जागा रिकामी होती.

"ही कुठाय?"

"तुमच्याजवळ नाही?" नंबर चौदा म्हणाल्या. "मला वाटलं, तुमच्यात समेट झाला आणि त्या पुढे येऊन बसल्या."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण हाताला सवय वेगळीच. मी आधी वही उघडली. पाचवा दिवस, नंबर दोन, खूण. स्पष्ट, ठसठशीत खूण.

"नाही, नाही, ती आहे," मी गाइडला वही दाखवत म्हणालो. "हे बघा ना. हजर आहे!"

गाइडने वहीकडे पाहिलं, रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच मला त्याने काका म्हटलं नाही. "अहो साहेब," तो म्हणाला, "बाई कुठाय?"

बायकोचा फोन माझ्या कमरेच्या पाकिटात होता. हरवू नये म्हणून मी पहिल्याच दिवशी तो काढून घेतला होता. माझाही त्यातच. गाइडने टपरीवाल्याला फोन लावला, दोन शब्द बोलला आणि फोन माझ्या हातात दिला.

"अगं, तू कुठे आहेस?"

"जिथे सोडलंत तिथेच."

"घाबरू नकोस. आम्ही बस वळवतोय." गाइड जोरजोरात मान हलवत होता. आता वर गेलो तर उद्या सकाळपर्यंत खाली सोडणार नव्हते, आणि बाकीच्या एकोणतीस माणसांचे चेहरे बघता त्यांनी मला एकट्यालाच वर पाठवलं असतं.

"वळवू नका," बायको म्हणाली. "इथे दुसरी बस आलीय. ते लोक उलटे चाललेत. शहरं झाली त्यांची, आता डोंगर आणि मग वाळवंट. एक जागा रिकामी आहे म्हणाले. मी जाते त्यांच्याबरोबर."

"जाते काय? तुझे कपडे इथे आहेत!"

"त्यांच्यातल्या एक बाई माझ्याच अंगाच्या आहेत."

"आणि माझ्या गोळ्या?"

"तुमच्या बॅगेत, उजव्या कप्प्यात. मफलर डाव्या." ती म्हणाली. "बत्तीस वर्षं तिथेच असतात."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. चूक झाली, असं म्हणायला हवं होतं. ते शब्द अगदी ओठांपर्यंत आले, पण अख्खी बस ऐकत होती. मी म्हणालो, "बरं, सांभाळून."

"एक विचारू? माझी आजची हजेरी लावलीत का?"

"...लावलीय."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी बसमध्ये सभा भरली. ठराव एकमताने मंजूर झाला. (मी धरून. मला विरोधात हात वर करायला कुणी वेळच दिला नाही.) वही आणि शिट्टी नंबर चौदांकडे गेली. मी निमूटपणे दिली, पण सांगायचं ते सांगितलंच, "पद्धत बदलू नका. तीनपासून सुरू करायचं."

"मला माहितीय," त्या म्हणाल्या. "पहिला नियम."

मग ऐतिहासिक शहरं. चार दिवस. ती शहरं ज्याला एकट्याने बघावी लागतील त्याच्यासाठी नाहीत. गाइडला माझ्याविषयी काही राग नव्हता, पण त्याच्या बोलण्याला मी काय करणार? "हा महाल राजाने राणीच्या आठवणीत बांधला." एकोणतीस माना माझ्याकडे वळत. "इथल्या झरोक्यातून राणी राजाच्या परतण्याची वाट बघायची." पुन्हा एकोणतीस माना. एका ठिकाणी तर दातांचा डॉक्टर उघडच म्हणाला, "राजाने निदान वाट बघायला घरी तरी सोडली होती."

मला तिची आठवण येत होती. हे सरळच लिहितो, वहीत कुणी बघणार नाही. महालातल्या पायऱ्या उंच होत्या आणि माझा उजवा गुडघा दुखतो. तिसऱ्या पायरीला माझा हात सवयीने शेजारी जायचा आणि तिथे कुणी नसायचं. मी मनात ठरवून टाकलं होतं की घरी गेलो की आतल्या खोलीत न जाता आधी तिला हाक मारायची. नंबराने नव्हे, नावाने. बत्तीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारलेली नाही. अगं म्हटलं की ती यायची.

नवव्या दिवशी, शेवटच्या शहरात, शेवटच्या राजवाड्यात एक छोटं वस्तुसंग्रहालय होतं. तलवारी आणि पालख्या बघून लोक चहाला गेले. मी मात्र कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीपाशी थांबलो, कारण आत घोडदळाची जुनी हजेरीवही उघडून ठेवली होती. लांबच लांब नावं, पुढे बारीक खुणा. मी चष्मा पुसून वाकलो. एका नावापुढच्या सगळ्या खुणा एकाच शाईच्या होत्या, एकाच तिरकेपणाच्या, एका दमात मारलेल्या. त्या बहाद्दरानेही महिन्याची हजेरी पहिल्याच दिवशी लावली होती! मला गहिवरून आलं. कित्येक पिढ्यांपूर्वीचा माझा माणूस मला भेटला होता. मी कितीतरी वेळ त्या पानापाशी उभा राहिलो. तो घोडेस्वार त्या महिन्यात जिवंत होता की नव्हता, हा विचारही मनात येऊन गेला.

बाहेर आलो तेव्हा बस नव्हती.

मी हसलो. येतील, म्हटलं. फोनचं पाकीट सीटवरच राहिलं होतं, कारण गुडघ्याला त्याचा पट्टा काचतो असं मला वाटायचं. (कमरेचा पट्टा गुडघ्याला कसा काचेल, असं बायकोने विचारलं होतं.) राजवाड्याच्या पायरीवर बसलो. हिशेब सोपा होता. तिची गैरहजेरी माझ्या लक्षात यायला अडीच तास लागले. मी तर पुढच्या सीटवर बसणारा माणूस. तासाभरात येतील. तास झाला. अडीच झाले. मग पहारेकरी फाटक लावायला आला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्याबरोबर कुणी नाही का?"

मी उठून मागची धूळ झटकली.

साध्या गाड्यांनी, तीनदा बदलून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नाक मुठीत धरून गल्लीत शिरलो. कोपऱ्यावर नंबर चौदा भेटल्या. मला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "काय, फिरायला निघालात?" त्या म्हणाल्या. "काल बसमधून उतरून एकटेच पुढे गेलात ते! तुमची बॅग मी घरात ठेवली, दार उघडंच होतं. वहीही वर ठेवलीय. शेवटपर्यंत हजेरी चोख घेतली बरं का. तीन ते एकतीस!"

मी घर गाठलं आणि बेल वाजवली.

बायकोने दार उघडलं. उन्हाने रापली होती, आणि दहा वर्षांनी लहान दिसत होती. मागे फळीवर काचेची बाटली होती आणि तिच्यात वाळू. तिचा सूर्य बुडालेला दिसत होता, अगदी शेवटपर्यंत. मी तिच्या नावाने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली,

"अहो, तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"बाहेर? अगं, मी आत्ता येतोय!"

"आत्ता?" तिने वळून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते लावलेलं होतं. निघताना मीच लावलं होतं. बाहेरच्या स्टुलावर चार कप होते, चारही भरलेले, प्रत्येकावर बशी झाकलेली. "काल मी अंघोळीहून आले तर तुमची बॅग इथे, आणि ते दार बंद. मला वाटलं, आल्या आल्या रुसून आत बसलात. चहासुद्धा घेईनात, म्हटलं, या वेळी राग मोठा आहे."

"काल संध्याकाळपासून!" माझा आवाज चिरकला. "एक दिवस! घरात नवरा आहे की नाही, एकदा हाक मारून बघावंसं वाटलं नाही तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, हे मला जास्त लागलं.

"तुम्हाला कशाला हाक?" ती म्हणाली. "तुम्ही आहातच."

मी बॅगेवरची वही उचलून तडक आतल्या खोलीत आलो आणि दार लावून घेतलं, त्याला आता तीन तास झाले. मघाशी स्वयंपाकघरात चहा उकळल्याचा वास आला होता. फटीतून बघितलं. स्टुलावरचे चारही कप तिने उचलून नेलेत, आणि पाचवा अजून आलेला नाही.